साडूची एकास दहाची पेटी

“पहिलं बरं, की दुसरं?”

हा प्रश्न चष्मेवाल्यांनी आयुष्यात किती वेळा विचारला असेल ते त्यांचं त्यांनाही सांगता येणार नाही. दुकानाच्या मागच्या अंधाऱ्या खोलीत गिऱ्हाइकाला खुर्चीत बसवायचं, नाकावर चाचणीची ती जड चौकट चढवायची, समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावायची आणि भिंगं बदलत बदलत विचारत राहायचं. पहिलं बरं, की दुसरं? आणि आता? सव्वीस वर्षं हाच धंदा, त्यामुळे घरीही तीच खोड लागलेली. आमटीत मीठ कमी झालंय का असं बायकोने विचारलं तर हे म्हणायचे, “कालच्यापेक्षा, की परवाच्यापेक्षा?” बायको म्हणायची, “लग्नाच्या वेळी मला कुणी दुसरं दाखवलंच नाही, नाहीतर मीही विचारून घेतलं असतं.”

असा माणूस रेकॉर्डच्या नादी लागला की काय होणार हे वेगळं सांगायला नको. इतर लोक गाणं ऐकायला रेकॉर्ड लावतात. चष्मेवाले सुई ऐकायला लावत. दुकानाच्या वरच्या मजल्यावर त्यांची एक खोली होती. तिथे फरशीच्या जाड तुकड्यावर टर्नटेबल ठेवलेलं, कारण लाकडी टेबल जिन्यावर कुणाचं पाऊल पडलं तरी थरथरायचं. दोन उंच स्पीकर, तीन खुर्च्या आणि काचेच्या कपाटात, जिथे दुसऱ्यांच्या घरी चिनी मातीची बाहुली असते तिथे, काट्रिजा मांडलेल्या.

काट्रिज म्हणजे टर्नटेबलच्या हाताच्या टोकाला बसणारी नखाएवढी डबी. तिच्या पोटातली सुई रेकॉर्डच्या खाचेतून घसरत जाते, थरथरते, आणि त्या थरथरीची वीज होते. काट्रिज जितकी महागडी तितकी तिची वीज कमी. इतकी कमी, की थेट ॲम्प्लिफायरला जोडली तर गाण्याऐवजी नुसती खरखरच ऐकू यावी. म्हणून मध्ये एक छोटा ट्रान्सफॉर्मर लावायचा, जो ती वीज दहापट, वीसपट वाढवून पुढे पाठवतो. ही मंडळी त्याला ‘पेटी’ म्हणत. कुठल्या काट्रिजला कुठली पेटी, यातच सगळी गंमत होती आणि सगळी भांडणंही. पेटी फार मोठ्या पटीची असली तर काट्रिजचा दम कोंडतो आणि आवाज घशात अडकल्यासारखा होतो. फार लहान पटीची असली तर ॲम्प्लिफायरची खरखर डोकं वर काढते. “हे लग्न जमवण्यासारखंच असतं,” असं चष्मेवाले नव्या माणसाला समजावून सांगत. बायको, जी काट्रिजला ‘काडतूस’च म्हणायची, ती जिन्यातून ऐकवायची, “फरक एवढाच, की इथे नवरानवरीला तोंड नाही, म्हणून सगळं मध्यस्थच बोलतो.”

रविवारी सकाळी दहाला या खोलीत बैठक भरायची. बैठक म्हणजे तीन माणसं. एक चष्मेवाले. दुसरे दातांचे डॉक्टर, ज्यांच्याकडे पैसा होता आणि नवीन वस्तू आली की घरी सांगायच्या आधी इथे आणायची सवय होती. आणि तिसरा चष्मेवाल्यांचा साडू.

साडू मोटरी गुंडाळायचा. दोन गल्ल्या सोडून त्याचं वर्कशॉप होतं. जळलेले पंप, पंखे, मिक्सर यांच्या पोटातली काळी पडलेली तार उपसून काढायची आणि नवी भरायची, हा त्याचा उद्योग. बारीक तारेचं काम डोळ्यांना झेपेना म्हणून तो पहिल्यांदा चष्मेवाल्यांच्या दुकानात आला होता. नंबर काढता काढता वरून गाणं ऐकू आलं, त्याने मान वर केली, आणि नंबर राहिला बाजूला. त्या दिवसापासून तो दर रविवारी येऊ लागला. त्या येण्याजाण्यात चष्मेवाल्यांच्या मेव्हणीशी त्याची गाठ पडली आणि वर्षभरात लग्नही झालं. म्हणजे मैत्री आधीची, साडूपण मागाहून आलेलं. दोघं एकमेकांना अरेतुरे करत आणि एकाच ताटात खाणाऱ्या भावांसारखे भांडत.

बैठकीत शेवटचा शब्द मात्र चष्मेवाल्यांचा. हे कुणी ठरवलं नव्हतं, आपोआप झालं होतं. जो माणूस दिवसभर लोकांकडून ‘बरं कुठलं’ ते वदवून घेतो त्याला तुलना कळणार, असा सगळ्यांचा समज, आणि त्यांचा स्वतःचा तर जास्तच. त्यांच्याकडे एक वही होती. कुठल्या तारखेला कुठली काट्रिज कुठल्या पेटीवर, समोर कोण होतं, जिंकलं कोण, सगळं त्यात लिहिलेलं. आणि त्यांचा एक नियम होता, ज्याचा त्यांना फार अभिमान. तुलना सुरू होण्याआधी ते आवाजाच्या बटणावर चिकटपट्टी लावून ते पक्कं करत. “कुणी मध्येच बटण फिरवून आपल्या लाडक्या काट्रिजला झुकतं माप द्यायचं नाही,” ते म्हणत. “दोघांनाही एकच बटण, एकच रेकॉर्ड, एकच खुर्ची. न्याय म्हणजे न्याय.” डॉक्टर कौतुकाने मान हलवत.

नऊ वर्षांपूर्वी साडूने स्वतः एक पेटी बनवली. एकास दहाची, म्हणजे वीज दहापट करणारी. आतल्या बाजूला दोनशे वेढे, बाहेरच्या बाजूला दोन हजार, केसाहून बारीक तार. मोटरीची दोरीसारखी तार गुंडाळणाऱ्या हातांनी ती तार हाताळायची म्हणजे चेष्टा नव्हे. चार महिने तो रात्रंदिवस तिच्यामागे होता. शेवटी पत्र्याच्या चहाच्या डब्यात ती बसवून, डब्यावर दोन वायरी काढून, एका रविवारी तो जिना चढला. त्याच आठवड्यात डॉक्टरांची परदेशी पेटी आली होती, जाड चकचकीत कवचातली. दोन्ही लावल्या. चिकटपट्टी लावली. तिघांनी डोळे मिटून ऐकलं.

निकाल लागायला दहा मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांची पेटी भरलेली वाटत होती, जिवंत वाटत होती, गाणारा पाऊल पुढे टाकून उभा राहिल्यासारखा वाटत होता. चहाच्या डब्यातली पेटी त्यामानाने मागे सरकलेली. चष्मेवाल्यांनी वहीत लिहिलं आणि मोठ्याने वाचूनही दाखवलं: “मेहनत आहे, पण आवाजात जीव नाही.”

साडूने डबा उचलला, “बरं,” म्हणाला आणि गेला. पुढच्या रविवारी आला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. घरच्या समारंभांत भेटायचा, पाणी आणून द्यायचा, तब्येत विचारायचा, पण ‘तुम्ही’ म्हणून. जो माणूस काल ‘अरे’ म्हणत होता तो ‘तुम्ही’ म्हणायला लागला की चार शिव्या परवडतात. चष्मेवाल्यांना वाटायचं, एवढं काय मनाला लावून घ्यायचं, खरं तेच तर बोललो. पण तिसरी खुर्ची रिकामी राहिली, आणि खरं सांगायचं तर बैठकीतली मजाच गेली. डॉक्टर प्रत्येक गोष्टीला हो म्हणायचे. भांडायला माणूस उरला नव्हता. बायको अधूनमधून म्हणायची, “नऊ वर्षं मी माझ्या बहिणीकडे एकटी जाते. तुमच्या त्या डब्याने दोन घरांत भिंत घातली.” चष्मेवाले म्हणायचे, “डबा त्याचा, माझा नव्हे.”

असं चाललं असताना एका बुधवारी दुकानात एक बस चालवणारी तरुण मुलगी आली. लांबच्या पाट्या धूसर दिसतात म्हणाली. चष्मेवाल्यांनी तिला मागच्या खोलीत बसवलं, चौकट चढवली, नंबर काढत आणला. शेवटी एक भिंग घातलं, आणि त्यावर आणखी पाव नंबर वाढवून विचारलं, “पहिलं बरं, की दुसरं?”

“दुसरं,” ती लगेच म्हणाली.

“स्पष्ट झालं, की नुसतंच काळं झालं?”

मुलगी गोंधळली. “म्हणजे?”

“म्हणजे असं बघ,” चष्मेवाले सवयीने सांगू लागले, “नंबर गरजेपेक्षा थोडा वाढवला की अक्षरं जरा बारीक होतात आणि जास्त काळी दिसतात. काळं दिसलं की माणसाला वाटतं, हेच बरं. तरुण डोळा ताण घेऊन सांभाळून नेतो, त्यामुळे तिथल्या तिथे काही कळत नाही. मग पंधरा दिवसांनी डोकं धरून येतात माझ्याकडे. म्हणून मी गिऱ्हाइकाच्या ‘बरं’वर कधी भरवसा ठेवत नाही. आधी विचारतो, स्पष्ट झालं की...”

आणि ते बोलायचेच थांबले. भिंग हातात, तोंड अर्धवट उघडं.

“काका?” मुलगी म्हणाली. “काय झालं? डोळ्यांत काही आहे का माझ्या?”

“तुझ्या नाही ग, बाळ,” ते म्हणाले. “बस दोन मिनिटं.”

तिला तो वाढवलेला पाव कमी करूनच नंबर दिला, चिठ्ठी लिहिली, आणि दुकानाच्या दाराला ‘जेवायला गेले’ची पाटी अडकवून चष्मेवाले दोन-दोन पायऱ्या एकदम चढत वर गेले. वही काढली. आता प्रत्येक काट्रिज किती वीज देते हे तिच्या कागदावर छापलेलं असतं, आणि पेटी ती किती पट करते हे पेटीवर. या दोघांचा गुणाकार केला की शेवटी आवाज किती मोठा येणार ते कळतं. वहीत एकेचाळीस निकाल होते. पेन्सिल घेऊन ते एकेक गुणाकार मांडत बसले. चहा गार झाला. बायको वर येऊन बघून गेली.

एकेचाळीसपैकी अडतीस वेळा मोठा आवाज जिंकला होता. उरलेल्या तीन वेळा दोन्ही आवाज सारखेच होते, आणि त्या तिन्ही ठिकाणी वहीत लिहिलं होतं, ‘फरक सूक्ष्म, पुन्हा ऐकावे.’

चष्मेवाल्यांच्या अंगातली हवाच गेली. फरक एवढा थोडा होता, की कानाला ‘मोठं’ असं वाटतच नाही. वाटतं ‘भरलेलं’, वाटतं ‘जिवंत’. आणि ज्या बटणावर चिकटपट्टी लावून त्यांनी न्याय केला, त्याच चिकटपट्टीने मोठ्या आवाजाला दर वेळी जिंकवलं होतं. डॉक्टरांनी एक लाडकी काट्रिज यांनी ‘मिळमिळीत’ म्हटल्यावर कुणालातरी देऊन टाकली होती. ते एक जाऊ दे. पण साडूची पेटी एकास दहाची होती आणि डॉक्टरांची एकास बाराची. ‘आवाजात जीव नाही’ हे वाक्य त्यांच्याच अक्षरात, शाईने, अधोरेखित केलेलं होतं. त्यांना स्वतःची लाज वाटली. सव्वीस वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला जो धडा दिला तो जिना चढून त्यांच्या स्वतःच्या कानांपर्यंत कधी पोचलाच नव्हता.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते साडूच्या वर्कशॉपच्या दारात जाऊन उभे राहिले. नऊ वर्षांत पहिल्यांदा. आत जळक्या वार्निशचा वास, भिंतीला टेकवलेल्या मोटरी, आणि साडू पाटावर बसून हाताच्या यंत्रावर तार गुंडाळत होता. चष्मेवाल्यांनी घसा खाकरला. रस्ताभर पाठ केलेलं वाक्य ओठांवर आलं.

“त्या दिवशी मी जे...”

साडूने मान वर न करता डावा हात उभा केला. ओठ हलत होते. वेढे मोजत होता. एकशे चाळीस, एकशे एकेचाळीस. मध्ये बोललं की मोजणी गेली, आणि मोजणी गेली की सगळं उलगडून पुन्हा पहिल्यापासून. तेव्हा चष्मेवाल्यांच्या माफीला चाळीस वेढे रांगेत उभं राहावं लागलं. पायाखाली तांब्याचे तुकडे चुरचुरत होते. एकशे ऐंशीला साडू थांबला, गाठ मारली आणि म्हणाला, “बोला. पंखा जळला का?”

“पंखा नाही. माझं डोकं.” मग त्यांनी सगळं सांगितलं. बसवाली मुलगी, वही, गुणाकार, चिकटपट्टी.

साडू कापडाला हात पुसत ऐकत होता. “मला माहीत आहे,” तो म्हणाला.

“काय माहीत आहे?”

“हेच. डॉक्टरांच्या पेटीवर एकास बारा छापलेलं होतं. बटण एकाच जागी. त्यांची मोठी वाजणारच. त्याच दिवशी जिना उतरताना माझ्या डोक्यात आलं.”

“मग परत वर का नाही आलास?”

“आणि काय सांगू?” साडूचा आवाज चढला. “हरलेल्या माणसाने नियमावर बोट ठेवलं की लोकांना ते रडगाणं वाटतं. तुलाही तेच वाटलं असतं! आणि खरं सांगू? हरलो त्याचं मला एवढं लागलं नाही. चार महिने मी ती गुंडाळत होतो. दोनदा तार तुटली, एकोणीसशे वेढ्यांच्या पुढे गेल्यावर. तू डबा उघडूनसुद्धा बघितला नाहीस. कशी गुंडाळली, आत लोखंडाचा गाभा कुठला घातला, एका शब्दाने विचारलं नाहीस. दहा मिनिटांत वहीत लिहून मोकळा!”

साडू रागाच्या भरात ‘तू’वर आला होता, हे चष्मेवाल्यांच्या लक्षात आलं, आणि शिव्या खाताना माणसाला इतकं बरं वाटू शकतं याचं त्यांना नवल वाटलं.

“पेटी आहे अजून?” त्यांनी विचारलं.

साडूने हनुवटीने दाखवलं. कामाच्या टेबलावर पावत्यांचा गठ्ठा होता आणि तो उडू नये म्हणून त्यावर चहाचा डबा ठेवलेला होता.

“रविवारी घेऊन ये. या वेळी नीट तपासू. आवाज आधी मीटरने मोजून सारखा करू.”

“आता कशाला? जिंकली म्हणून ती नऊ वर्षं परत येणार आहेत का?”

“आणि हरली तर?” चष्मेवाल्यांच्या तोंडून निघून गेलं. तुलना करणाऱ्या माणसाची जीभ ती, दुसरी बाजू विचारल्याशिवाय राहतच नाही.

हा प्रश्न साडूला नऊ वर्षांत कधी पडलाच नव्हता हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं. आपली पेटी सरस होती आणि आपल्यावर अन्याय झाला, एवढंच धरून तो बसला होता. त्याने डब्याकडे पाहिलं, मग तारेच्या रिळाकडे. “मीटर माझा आणतो,” तो शेवटी म्हणाला. “तुझ्याकडचा धड नसेल.”

रविवारी तिन्ही खुर्च्या भरल्या. डॉक्टर जरा धास्तावलेले होते, कारण डावावर त्यांची पेटी होती, आणि शिवाय ती दिलेली काट्रिज त्यांना आता रोज आठवत होती. साडूने एकच सूर सतत वाजवणारी रेकॉर्ड लावली, मीटरच्या तारा स्पीकरला टेकवल्या आणि एका पेटीसाठी बटण कुठे, दुसरीसाठी कुठे, अशा पेन्सिलीने दोन खुणा केल्या. एक खटकाही त्याने बनवून आणला होता. इकडे केला की ही पेटी, तिकडे केला की ती. मध्ये दोरीवर चादर टांगली, आणि चादरीमागे बायकोला बसवलं. तिला या विषयात काडीचा रस नव्हता, म्हणून तिच्याएवढं विश्वासाचं दुसरं कुणी नव्हतं. ती नाणं उडवून ठरवणार, खटका आणि बटण फिरवणार, आपल्या कागदावर नोंद करणार. प्रत्येक फेरीत तोच तुकडा दोनदा, एकदा या पेटीवर, एकदा त्या. अशा बारा फेऱ्या. तिघांनी एकमेकांना न दाखवता लिहायचं, पहिलं बरं की दुसरं.

“आणि कुणी मागे वळून बघितलं तर चहा मिळणार नाही,” चादरीमागून आवाज आला.

पाच-सहा फेऱ्या झाल्यावर चष्मेवाल्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या. मनातून त्यांना डब्याला जिंकवायचं होतं. अगदी देवाची शपथ घेऊन सांगायचं तर त्यांनी तयारीच केली होती, की साडूच्या पाठीवर थाप मारायची आणि वहीतलं ते पान त्याच्यासमोर फाडायचं. पण डबा कुठला हेच ओळखू येत नव्हतं. दर वेळी वाटायचं, हे जरा उबदार, आणि लगेच वाटायचं, नव्हे, मघाचंच उबदार होतं. ते अंदाजपंचे लिहू लागले. डॉक्टरांनी तर डोळे मिटून घेतले होते, ते ऐकत होते की झोपले होते कुणास ठाऊक. साडू मात्र गुडघ्यांवर कोपरं टेकून, पुढे झुकून बसला होता. लिहायला त्याला क्षणभरही लागत नव्हता.

बारावी फेरी झाली. बायको चादर बाजूला करून बाहेर आली, चष्मा लावला, कागद पडताळले आणि शाळेत निकाल वाचतात तसं वाचलं.

“डॉक्टर. सहा वेळा डबा, सहा वेळा तुमची चकचकीत. म्हणजे तुम्हाला काही कळलं नाही.”

डॉक्टर हसले. त्यांना वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

“आमचे हे. सात वेळा डबा, पाच वेळा चकचकीत. म्हणजे यांनाही काही कळलं नाही, पण यांना ते पटणार नाही.”

मग तिने तिसरा कागद पाहिला, पुन्हा पाहिला आणि चष्मा काढला. “भाऊजी,” ती म्हणाली, “बारापैकी अकरा वेळा चकचकीत. अकरा वेळा तुम्ही स्वतःच्या पेटीला पाडलंत.”

ज्या जखमेवर औषध लावायला म्हणून त्याला बोलावलं, तीच उघडी करून बसलो, असं चष्मेवाल्यांना वाटलं. त्यांना साडूकडे बघवेना.

“माझं चुकलं,” ते म्हणाले. “नसतं बोलावलं तर बरं झालं असतं.”

“वेडा आहेस का?” साडू उठला होता. टर्नटेबलपाशी जाऊन रेकॉर्डकडे टक लावून बघत होता, जळलेली मोटर उघडल्यावर बघायचा तसा. “शेवटी झांज वाजते ना, तिथे सगळं आहे. त्यांच्या पेटीत ती हळूहळू विझत जाते. माझ्या पेटीत वाजली की मेली. मी बाहेरची सगळी तार एका दमात गुंडाळली, त्याचं हे. मध्ये कप्पे पाडून गुंडाळायला हवी होती. मोटरीला असलं काही लागत नाही, म्हणून सुचलंच नाही मला.” तो वळला. चेहरा उजळलेला होता. “नऊ वर्षं मला वाटत होतं मी जिंकलो होतो. तेवढंच धरून हातावर हात ठेवून बसलो, एक वेढा गुंडाळला नाही. आज नीट हरलो बघ. हरायचं तर असं, म्हणजे पुढे काय करायचं ते तरी कळतं.” मग तो डॉक्टरांकडे वळला. “डॉक्टर, तुमची पेटी एकदा उघडून बघू द्या.”

“परत बंद होईल ना?” डॉक्टर घाबरून म्हणाले.

“दाढ उघडताना पेशंट तुम्हाला हेच विचारतात, तेव्हा काय सांगता?”

बायको हसत चहाला गेली. डॉक्टर आपली पेटी दोन्ही हातांनी धरून बसले. चष्मेवाले मात्र खुर्चीतच होते. मघापासून त्यांना एक गोष्ट टोचत होती, आणि ती न विचारता उठणं त्यांच्याच्याने होईना.

“अकरा,” ते म्हणाले. “बारातले अकरा. तुला खरंच इतकं स्वच्छ ऐकू येत होतं?”

“आणि तुला नाही आलं?”

एवढ्या वर्षांत या खोलीत चष्मेवाल्यांनी ‘मला कळलं नाही’ असं कधी म्हटलं नव्हतं. ‘फरक सूक्ष्म’ म्हटलं होतं, ‘पुन्हा ऐकावे’ म्हटलं होतं.

“नाही,” ते म्हणाले. “एकदाही नाही आलं.”

साडूने त्यांच्याकडे पाहिलं. मग आपली खुर्ची ओढून त्यांच्या खुर्चीला चिकटवली, सुई उचलून रेकॉर्डच्या शेवटाजवळ ठेवली आणि त्यांच्या खांद्यावर हात टाकला. “गाणं सोडून दे. नुसती झांज धर. वाजली, वाजली... आता तिच्या मागे मागे जा. कुठे संपते बघ.” एका पेटीवर ऐकवलं. उठून खटका फिरवला, बटण दुसऱ्या खुणेवर आणलं, दुसऱ्या पेटीवर ऐकवलं. चष्मेवाले डोळे मिटून, श्वास धरून, पहिल्या दिवशी शाळेत बसलेल्या पोरासारखे ऐकत होते.

“आलं?”

चष्मेवाल्यांनी नकारार्थी मान हलवली.

“थांब, परत लावतो,” साडू म्हणाला.